चाकांवरचं घर आणि दीडशे लिटर पाणी

मंडळी, पुष्कळ दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये जवळजवळ चार वर्षं इथे एक अक्षर लिहिलं नाही. कारण नातेवाइकांना ठाऊकच आहे, बाकीच्यांनी ओळखलं असेल. २०२१ साली आमचे हे गेले आणि त्यानंतर माझं सगळंच थांबलं.

थांबलं म्हणजे काय, तर सकाळी उठायचं, चहा घ्यायचा आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसायचं. सून गुणाची आहे. ती म्हणे, "आई, आयुष्यभर केलंत, आता तुम्ही काही करू नका." मी भाजी निवडायला घेतली की ती हळूच माझ्या पुढ्यातलं ताट उचलून नेई. प्रेमानेच हो. मुलगा म्हणे, "आई, रोज अर्धा तास चालत जा." म्हणून सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायच्या. एक, दोन, तीन... बोटांवर मोजत. ते चालणं मला कधी आवडलं नाही. कुठे पोचायचंच नसलं की पाय जड होतात.

अशात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती गेली चाळीस वर्षं अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात फिनिक्सजवळ राहते. ती अडुसष्ट वर्षांची, आमचे मेहुणे त्र्याहत्तर. दोघंही निवृत्त. दर हिवाळ्यात ती कॅम्पर घेऊन वाळवंटात जाऊन राहतात. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची जागा आणि मागे चोवीस फुटांत स्वयंपाकाचा ओटा, दोन बिछाने, इवलीशी न्हाणी आणि संडास. "ताई, यंदा तू ये. गुडघ्याचं कारण सांगू नकोस. गाडीला तीनच पायऱ्या आहेत."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी वाळवंटात? लोक काशीला जातात! पण मुलाने तिकीट काढलं आणि जानेवारी २०२५ मध्ये मी फिनिक्सला उतरले.

फिनिक्सहून पश्चिमेला दोनेकशे किलोमीटरवर क्वार्ट्‌झसाइट नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तिथली वस्ती अडीच हजारांच्या आत भरली होती. आपल्याकडे एवढी माणसं एका सोसायटीत राहतात. पण थंडी पडली की चहूकडून कॅम्पर यायला लागतात आणि गावाभोवतीच्या माळावर जणू जत्रा भरते. येणारे बहुतेक माझ्या-तुमच्या वयाचे. उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतून आणि कॅनडातून उबेला येणाऱ्या या म्हाताऱ्यांना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात, म्हणजे बर्फातून उडून आलेले पक्षी. जमीन सरकारी आहे. केंद्र सरकारच्या जमीन खात्याने १९८३ पासून अशा काही जागा लांब मुक्कामासाठी ठरवून दिल्या आहेत. ठरलेली फी भरायची आणि १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात तिथे राहायचं. वीज नाही, दारात नळ नाही. छपरावर सौर पट्ट्या, पोटात गॅसची टाकी आणि पाण्याची टाकी. बस्स.

पहिल्या दिवशी बाहेर पडून पाहिलं आणि काय सांगू, मला माणदेशच दिसला! तोच खडकाळ माळ, तेच बोडके डोंगर, तशीच कोरडी ओढ्याची पात्रं. बाभळीच्या जागी पालो व्हेर्दे नावाची हिरव्या सालीची झाडं आणि मध्येच उभे असलेले उंच सग्वारो निवडुंग. दुपारी छान ऊन, रात्री मात्र हुडहुडी भरावी अशी थंडी.

आता पाण्याची गोष्ट. गाडीत वापरायच्या पाण्याची टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. टाकी रिती झाली किंवा सांडपाण्याची टाकी भरली, की सगळं आवरून, गाडी हलवून तळावरच्या ठरलेल्या जागी जायचं, घाण रिती करायची आणि चांगलं पाणी भरून घ्यायचं. सांडपाणी जमिनीवर ओतायला मनाई आहे. मी भाताचं पाणी झुडपाला घालायला निघाले, तर बहीण ओरडली, "ताई, दंड होईल!"

पहिल्या खेपेला आमचं पाणी सहाव्या दिवशी संपलं. मला ते लागलं. मी म्हटलं, "पाण्याचं खातं माझ्याकडे द्या."

बहीण हसली, पण तिलाही आठवलं. १९७२ चा दुष्काळ. मी नुकतीच बी.ए. होऊन शाळेत लागले होते, ती सोळा वर्षांची. विहिरी आटलेल्या, बायामाणसं रोजगार हमीवर खडी फोडायला आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरी नीट थापतासुद्धा यायच्या नाहीत. आईने रांजणापाशी पाट टाकून ठेवला होता आणि पाणी तिच्याच हाताने मिळायचं. एक तांब्या तोंड धुवायला, पाच तांबे अंघोळीला, तीही एक दिवसाआड.

मी तोच कायदा लावला. गाडीतला फवारा बंद, तांब्या सुरू. खरकटं आधी कागदाने पुसून काढायचं, मग भांडी एका पातेल्यात घासायची आणि दुसऱ्यात विसळायची. विसळलेलं पाणी पुढच्या वेळी घासायला. तेच पाणी शेवटी संडासात टाकायला. रोज संध्याकाळी मी टाकीचा काटा बघून वहीत आकडा लिहायची. मेहुणे म्हणाले, "ताई, तुम्ही तर सचिवालयच उघडलंत!"

पण खरं सांगते, त्या वहीमुळे मला चार वर्षांत पहिल्यांदा सकाळी उठायची घाई होऊ लागली. कुणी "चालून या" म्हणत नव्हतं. पण कचरा टाकायला लांब जायचं, दोरीवरचे कपडे वाऱ्याने उडायच्या आत काढायचे, ऊन फिरलं की खुर्च्या फिरवायच्या. संध्याकाळी पाय दुखत आणि झोप मात्र लहान मुलासारखी लागे. फेऱ्या कुणी मोजल्या नाहीत.

शेजारच्या छोट्या ट्रेलरमध्ये मिनेसोटाहून आलेल्या एक आजी राहत होत्या. वय त्र्याऐंशी, सोबतीला एक म्हातारं कुत्रं. नवरा गेल्यावर एकाहत्तराव्या वर्षी त्या ट्रेलर ओढायला शिकल्या आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात एकट्या येतात. रोज सकाळी हातात लांब चिमटा घेऊन माळावरचा कचरा वेचायच्या. मी एकदा माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "वाटते की. म्हणून तर रोज सगळे नट आवळून बघते."

एका संध्याकाळी शेकोटीभोवती सात-आठ जण बसले होते. कुणीतरी मला विचारलं, "तुमच्याकडे तर भरपूर पाऊस, तुम्हाला हे वाळवंट कसं वाटतं?" मी उठले. गुडघा कुरकुरला, पण उठले. एक काटकी घेतली आणि वाळूत महाराष्ट्र काढला. हा समुद्र, हा सह्याद्री. इथे महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून शंभरएक किलोमीटर पूर्वेला आमचा माण तालुका, तिथे पाचशेसुद्धा मुश्किलीने. ढग डोंगरावर रिते होतात आणि पलीकडे नुसता वारा येतो. तुमच्याकडेही तेच. पॅसिफिकवरचे ढग कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर रिते होतात. शिवाय विषुववृत्ताजवळ वर चढलेली हवा तीस अंशांच्या आसपास कोरडी होऊन खाली उतरते, आणि क्वार्ट्‌झसाइट तेहतीस-चौतीस अंशांवर आहे. सहारा, अरबस्तान, थरचं वाळवंट, सगळी याच पट्ट्यातली.

माझी क्रियापदं घसरत होती. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, इंग्रजी वाचता येतं, पण बोलताना धांदल उडते. तरी सगळे पुढे वाकून बघत होते. ॲरिझोनात उन्हाळ्यात येणाऱ्या पावसालाही 'मॉन्सून' म्हणतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. शब्द अरबीतला, मौसम, हे त्यांना माझ्याकडून. २००८ मध्ये शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी कुठल्याही वर्गासमोर उभी राहिले नव्हते. रात्री अंथरुणावर पडल्यावर यांची फार आठवण आली. यांना सांगायला हवं होतं.

इथपर्यंत सगळं गोड चाललं होतं. दुसरी टाकी मी नऊ दिवस पुरवली. त्या दिवशी आम्ही गाडी रिकामी करायला निघालो. मेहुणे चालवत होते. वळताना उजव्या बाजूला लोखंडी खांब होता, पिवळाधम्मक रंगवलेला. मला मागच्या खिडकीतून तो स्पष्ट दिसत होता. मला वाटलं, यांना दिसतोय. आणि कर्रर्र... गाडीचा पत्रा पुढून मागपर्यंत खरवडला गेला.

कुणाला लागलं नाही. खांबालाही काही झालं नाही. मेहुणे खाली उतरले, खांबाकडे बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "हा इथे होता?"

मग एकेक बाहेर आलं. त्यांना काचबिंदू आहे हे बहिणीला माहीत होतं. रोज डोळ्यांत थेंब घालतात, रात्री गाडी चालवत नाहीत, हेही माहीत होतं. पण बाजूची नजर बरीच कमी झाली आहे आणि गाडी चालवण्याबद्दल पुन्हा विचार करा असं डॉक्टरांनी मागच्या तपासणीत सांगितलं होतं, ते त्यांनी घरात सांगितलंच नव्हतं. "हा एक सीझन होऊ दे म्हटलं," ते म्हणाले. बहीण आधी रडली, मग चिडली. खांबाच्या जागी एखादं माणूस असतं तर? तिने किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

ती किल्ली पर्समध्ये जाताना मी पाहिली आणि पोटात खड्डा पडला. आमच्या ह्यांची स्कूटर मुलाने अशीच बंद केली होती. बरोबरच होतं त्याचं, ह्यांचा तोल जायचा. पण स्कूटर गेली तशी मंडई गेली, वाचनालय गेलं, मित्राकडची शनिवारची बैठक गेली. स्कूटरच्या बदल्यात आम्ही त्यांना काय दिलं? टीव्हीचा रिमोट. पुढच्या दोन वर्षांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले. मी समोर होते आणि मला कळलं नाही.

दोन दिवस मेहुणे गाडीकडे पाठ करून बसून होते. तिसऱ्या दिवशी मिनेसोटाच्या आजींनी बहिणीला सांगितलं, "पलीकडे मोकळं मैदान आहे, तिथे शीक." तिकडे एवढी गाडी साध्या परवान्यावर चालते, पण बहिणीने ती कधी हातात घेतली नव्हती. मी मेहुण्यांजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मेहुणे, तिला शिकवणार कोण?"

"त्या आजी आहेत ना."

"आजींचा ट्रेलर वेगळा. या गाडीचे गुण तुम्हाला माहीत."

"मला कुठे शिकवता येतं ताई? ते तुमचं काम."

"मग मी तुम्हाला शिकवायला शिकवते," मी म्हटलं. "एकच नियम. मुलाच्या हातातली पेन्सिल कधी काढून घ्यायची नाही. अक्षर वाकडं आलं तरी नाही."

ते उठले. पुढचे चार दिवस मैदानावर जे काही चाललं ते लिहिण्यासारखं नाही! दोघं भांडत होती आणि मी व आजी कुत्र्याला घेऊन लांब उभ्या होतो. एकदा त्यांनी चाकाला हात घातलाच. मी लांबून ओरडले, "पेन्सिल!" त्यांनी हात मागे घेतला. चौथ्या दिवशी बहिणीने दोन दगडांच्या मधून गाडी मागे घेतली आणि खाली उतरून आधी त्यांच्याच पाठीत धपाटा घातला.

मग मी बहिणीलाही बाजूला घेतलं. म्हटलं, "त्यांचं एक काम तू घेतलंस, ते बरोबर केलंस. पण आता दुसरं त्यांच्या हातात दे. रिकामा हात ठेवू नकोस. आणि दिलेलं काम तू मध्येच उचलून नेऊ नकोस." हे बोलताना मला माझ्या सुनेने उचललेलं भाजीचं ताट दिसत होतं आणि मी तेव्हा एक शब्दही बोलले नव्हते हेही दिसत होतं. चूक तिची एकटीची नव्हती. "राहू दे, मला निवडायची आहे" एवढं म्हणायला मला काय झालं होतं?

तर मग मेहुण्यांकडे बॅटऱ्या, सौर पट्ट्या आणि चाकांखाली फळ्या सारून गाडी सपाट करणं राहिलंच, शिवाय सकाळची न्याहारीही आली. त्यांचे पहिले पोहे मी खाल्ले, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ते मला गावातल्या स्मशानभूमीत घेऊन गेले. तिथे दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्यावर धातूचा उंट. ही कबर 'हाय जॉली'ची. मूळ नाव हाजी अली. नाव ऐकून मला मुंबईचाच दर्गा आठवला! १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याने या कोरड्या मुलखात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर ऑटोमन साम्राज्यातून हा उंटवाला आला. उंटांचा तो प्रयोग काही वर्षांतच गुंडाळला गेला. पण माणूस राहिला. सैन्यासाठी वाटाड्या झाला, सामान वाहून नेऊ लागला, खाणी शोधत हिंडला, आणि १९०२ मध्ये इथेच वारला. हे स्मारक नंतरचं, १९३५ चं. मेहुणे उंटाकडे बघत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "याचंही वाहन गेलं की हो, ताई." आणि आम्ही दोघंही हसलो.

परतताना फिनिक्सपर्यंत बहिणीने गाडी चालवली. मेहुणे शेजारी बसून पाट्या वाचत होते. दोन तासांचा रस्ता तिने साडेतीन तासांत कापला. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते, पण गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही.

घरी आल्यावर मी पहिल्याच सकाळी भाजीचं ताट पुढ्यात घेतलं. सून उचलायला आली. मी म्हटलं, "असू दे गं, हे माझं आहे." तिला वाटलं मी रागावले. मग तिला बसवून ही सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा तिचेही डोळे भरले. ती म्हणाली, "आई, मला वाटायचं तुम्हाला बरं वाटत असेल." आता भाजी माझी. सोसायटीच्या टँकरचा हिशेबही मी मागून घेतला आहे, उन्हाळ्यात चार लोकांशी भांडणंही झाली. वॉचमनची दोन मुलं संध्याकाळी भूगोल शिकायला येतात. फेऱ्या मारणं मात्र बंद केलं. मुलांची शाळा सुटते तेव्हा कोपऱ्यापर्यंत आणायला जाते, तेवढं चालणं पुरतं.

गुडघा दुखतो तो दुखतोच. वाळवंटात जाऊन तो बरा झाला असं मी म्हटलं तर खोटं होईल. दुपारी चार वाजता घर शांत झालं की ती खुर्ची अजून बोलावते, आणि एखाद्या दिवशी मी जाऊन बसतेही. असो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दोघं पुन्हा माळावर गेली. गाडी बहीण चालवते. मेहुण्यांची नजर पूर्वीसारखी होणार नाही, पण थेंब नेमाने चालू आहेत आणि पोहे सुधारले आहेत म्हणे. परवा बहिणीचा फोन आला होता. "ताई, यंदा पाण्याचं खातं यांच्याकडे आहे. तुझी वही पुढे चालू ठेवलीय त्यांनी. टाकी अकराव्या दिवशी संपली!"

मी म्हटलं, "दोघंच आहात ना? मग बारा दिवस पुरली पाहिजे. काटा नीट बघा म्हणावं."